बटण क्रमाने दाबावे

"साहेब वीस तारखेला यायलेत. आपल्या शाळेत नवीन काय हाय दाखवायला?" असं मुख्याध्यापक व्यंकटरावांनी विचारलं, तेव्हा सिताराम खंदारे मास्तरनं गप्प बसायला हवं होतं. बाकीचे पाचही मास्तर गप्पच होते. एकजण खिडकीबाहेर बघत होता, एकजण पेनाचं टोपण काढत-घालत होता. पण सितारामच्या भीतीची तऱ्हाच निराळी. भीती थोडी असली की त्याचं तोंड सुटायचं आणि भीती फार झाली की पाय जागच्या जागी गारठायचे. व्यंकटरावांची भीती थोड्यातली होती, त्यामुळे तोंड सुटलं.

"सर, बोलणारी खोकी करता येतील," तो म्हणाला. "जनावराच्या म्होरं खोकं ठिवायचं. बटण दाबलं की खोकं त्या जनावराची माहिती सांगतंय. परदेशात आसतंय तसं."

हे ज्ञान त्याला चार दिवसांपूर्वी शेवेच्या पुड्याच्या कागदावर झालं होतं. कागद फाटका होता. असली खोकी परदेशात असतात एवढंच त्यावर होतं. ती करतात कशी, तो मजकूर शेवेच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेला होता. व्यंकटरावांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तुमाला करता येतंय?" सितारामची मान हलली. नाही म्हणायला जी हिंमत लागते ती त्याच्याजवळ कधीच नव्हती. दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाच्या पत्रकावर 'मराठवाड्यातील पहिली बोलकी जनावरे' अशी ओळ छापायला परभणीला गेली, आणि सितारामची झोप उडाली.

टाकळी हे वालूरपासून तीन कोसांवरचं गाव. ते अठ्ठ्याहत्तर साल होतं. दरवर्षी फेब्रुवारीत शाळेच्या मैदानावर जनावरांचं प्रदर्शन भरे. गावातली नामांकित जनावरं ओळीनं बांधत आणि प्रत्येकासमोर माहितीचा पुठ्ठा टांगत. बघायला येणाऱ्यांत निम्म्यांना वाचता येत नसे, आणि ज्यांना येई ते जनावराचे दात बघण्यात गुंतलेले असत. त्यामुळे पुठ्ठे फक्त शेळ्याच चाळत. या वर्षी उद्घाटनाला आणि शाळेच्या तपासणीला जिल्ह्याचे साहेब येणार होते. हे साहेब बोलत नसत, लिहीत. बोलणाऱ्या साहेबाची भीती बोलणं संपलं की संपते. लिहिणाऱ्या साहेबाची भीती कागद येईपर्यंत चालते, आणि कागद कधी येईल याचा नेम नसतो.

सितारामला त्या कागदाची काळजी होती, कारण तो पाच वर्षं हंगामी होता. व्यंकटरावांच्या खोलीबाहेर मास्तरांच्या नावांची काळी पाटी होती. कायम झालेल्यांची नावं तिच्यावर पांढऱ्या ऑइल पेंटनं लिहिलेली होती. सितारामचं नाव सगळ्यात खाली, खडूनं. दर उन्हाळ्यात हुकूम संपला की ते पुसलं जाई आणि जूनमध्ये पुन्हा हुकूम आला तर तो स्वतःच ते गिरवी. त्याची आई सरजाबाई जन्मभर लोकांच्या रानात खुरपायला गेलेली. तिला वाचता येत नव्हतं, पण खडू कोणता आणि रंग कोणता हे लांबून कळत होतं. दर दिवाळीला ती शाळेच्या फाटकातून पाटीकडं बघे आणि काही न बोलता माघारी जाई. ते न बोलणं सितारामला फार लागे. यंदा साहेबांनी शेरेबुकात बरं लिहिलं तर रंग, नाहीतर जूनमध्ये खडूसुद्धा नाही, असं व्यंकटरावांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं.

"मंग भ्यायचं कामून?" त्याची बायको केशरबाई म्हणाली. "खोकंच करायचंय ना? वाघ थोडाच धरायचाय."

केशरबाईला भीती हा प्रकार ऐकूनच माहीत होता. तिचा आवाज खणखणीत होता. संध्याकाळी दारात उभं राहून तिनं एकदा हाक मारली की ती दत्तरावांच्या गोठ्यावरून शाळेपर्यंत पोचे. शाळा सुटल्यावरही सिताराम वह्या तपासत बसे, ती हाक आली की उठे. घर समोर दिसत होतं. मधल्या वाटेनं फार तर दीडशे पावलं. पण सिताराम त्या वाटेनं जात नसे. तो ओढ्यानं वळसा घालून जाई, कारण मधल्या वाटेवर सोन्या होता.

सोन्या म्हणजे दत्तरावांचा लालकंधारी वळू. तांबडा भडक रंग, वशिंड असं की वर तांब्या ठेवला तर पडू नये. नोकरीच्या पहिल्याच वर्षी सोन्यानं सितारामला त्या वाटेवर गाठलं होतं. सिताराम बाभळीवर चढला आणि दत्तराव रानातून येईपर्यंत वरच राहिला. सोन्या खाली उभा राहून शेंगा खात होता, त्याचं वर लक्षसुद्धा नव्हतं, असं दत्तराव आजही शपथेवर सांगत. काटे मात्र केशरबाईनं दोन दिवस काढले.

खोक्याचा मार्ग अखेर नागनाथच्या ओट्यावर सापडला. नागनाथ लग्नाकार्यात लाउडस्पीकर लावायचा. त्याच्याजवळ एक भोंगा, एक मशीन, ट्रॅक्टरची जुनी बॅटरी आणि एक कॅसेटचा टेपरेकॉर्डर होता. टेपरेकॉर्डर हैदराबादेहून आणलेला, आणि नागनाथ त्याला पोटच्या पोरापेक्षा जास्त जपे. एवढं एकच यंत्र सगळ्या टाकळीत होतं. तीन जनावरांना तीन यंत्रं कुठून आणायची, असा विचार करत सिताराम ते यंत्र निरखत बसला. तेवढ्यात त्याला दिसलं की माइकच्या दांड्यावर एक बारकं बटण आहे. ते सरकवलं की टेप चालते, मागं घेतलं की थांबते, आणि त्या बटणाची वायर वेगळी आहे.

सिताराम भित्रा होता, पण डोक्यानं कमी नव्हता. त्यानं त्या वायरीला दारावरच्या घंटीचं बटण जोडलं. बटण दाबून धरलं की टेप बोलायची, बोट उचललं की गप्प. मग त्याच वायरीला त्यानं आणखी दोन बटणं जोडली. बटणं परभणीच्या जुन्या बाजारातली, खोकी चहाच्या पेट्यांच्या फळ्यांची, वायर सायकलच्या दुकानातली. एकाच टेपवर आधी वळूची माहिती, मग म्हशीची, मग शेळ्यांची. पहिलं बटण वळूजवळ, दुसरं म्हशीजवळ, तिसरं शेळ्यांजवळ. पाहुणा ओळीनं बटणं दाबत गेला की प्रत्येक जनावराजवळ त्याचीच माहिती ऐकू येणार. व्यंकटरावांनी त्याची पाठ थोपटली. त्या थापेनं आनंद व्हायच्या आधीच सितारामच्या मनात नवी भीती शिरली. कुणी क्रम सोडून बटण दाबलं तर? साहेबांनी म्हशीपासून सुरुवात केली तर म्हशीसमोर उभं राहून खोकं सांगणार की हा वळू आहे. त्यानं त्याच दिवशी तीन पाट्या रंगवल्या: 'बटण क्रमाने दाबावे'. त्याला समाधान वाटेना म्हणून खाली आणखी एक ओळ घातली: 'ही विनंती'.

आता टेपवर आवाज भरायचा राहिला. टेपरेकॉर्डर घरी न्यायला नागनाथनं फार काकुळतीनं परवानगी दिली. एका संध्याकाळी, केशरबाई बाहेर चुलीपाशी असताना, सितारामनं दार लावून तिन्ही जनावरांची माहिती अडखळत, दुप्पट वेळ घेत वाचून भरली. दुसऱ्या दिवशी तिची सुरुवात व्यंकटरावांनी ऐकली. सितारामचा आवाज इतका थरथरत होता की वळूला काहीतरी झालं असावं असं वाटत होतं. व्यंकटरावांनी स्वतःचा आवाज द्यायचं ठरवलं. नवी कॅसेट परभणीशिवाय मिळणार नव्हती, म्हणून आहे त्याच कॅसेटवर सुरुवातीपासून नवं भरायचं. नवं भरलं की खालचं जुनं आपोआप पुसलं जातं, हे नागनाथनं सांगितलं. नवं जिथं संपतं तिथून पुढं जुनं तसंच राहतं, हे सांगायचं त्याला सुचलं नाही.

माहिती चार-चार वाक्यांची होती. ती संपल्यावर जनावराचा खरा आवाजही असावा, अशी व्यंकटरावांना हौस आली. खोकं जिवंत वाटलं पाहिजे, असं ते म्हणाले. सगळे दत्तरावांच्या गोठ्यात गेले. सितारामनं माइक एका लांब काठीला बांधला आणि काठीचं दुसरं टोक धरून तो कुडाच्या बाहेर उभा राहिला. सोन्या माइककडं बघून स्वस्थ रवंथ करत राहिला.

"आसा न्हाई वराडत त्यो," दत्तराव म्हणाले. "त्याला हाक माराया लागती. वासरू व्हता तवापून म्या हाक मारतो अन् त्यो ओ देतो. त्याबिगर पेंडीच्या ढेपीला तोंड लावत न्हाई."

मग दत्तरावांनी तोंडाशी हात धरून हाक मारली, "ये रं सोन्या! ये रं माज्या राजा, ढेप खायाला ये!" आणि सोन्यानं मान वर करून असा हंबरडा फोडला की कुडाबाहेर सितारामच्या हातातली काठी माइकसकट नाचली. तो आवाज हाकेसह टेपवर आला. हाक काढून टाकावी असं कुणाच्या मनातही आलं नाही. टाकळीत ज्यांच्या दावणीला जनावर आहे त्या सगळ्यांच्या दृष्टीनं सोन्याचा आवाज म्हणजे दत्तरावांची हाक धरूनच. दोन्ही वेगळे ऐकलेत कुणी?

चांगुणाबाईची म्हैस काशी हिचंही तसंच. "ये माय काशे, सरकी खायाला ये," असं चांगुणाबाई लडिवाळपणे म्हणाली की काशी ओरडायची आणि मगच पान्हा सोडायची. लिंबाजीनं जिभेनं टाळूवर टकटक करून 'हुर्रर्र' केलं तेव्हा त्याच्या पाची शेळ्या एका सुरात बें करून उठल्या. टेप झकास भरली. एकोणीस तारखेला दुपारी मैदानावर रिकाम्या दावणींसमोर एक-दोन-तीन अशी बटणं दाबून सगळं ऐकलं. जनावरं सकाळीच आणायची होती, आदल्या दिवशी आणली तर मैदान घाण करतील म्हणून. शेवटची बें ऐकल्यावर सेल वाचवायचे म्हणून नागनाथनं टेप पुढं चालू न देता लगेच मागं फिरवून ठेवली. काही चुकलं नाही. सितारामला तेव्हाच खरी धास्ती वाटायला हवी होती, कारण त्याच्या आयुष्यात पहिल्याच फेरीला काही नीट झालेलं नव्हतं.

वीस तारखेला मैदान ओलं होतं. साहेबांना धूळ लागू नये म्हणून पहाटे ग्रामपंचायतीनं बैलगाड्यांतून पाणी आणून शिंपलं होतं. काळ्या जमिनीला पाणी दाखवलं की ती लोण्यासारखी होते आणि तिच्यातले खुंटे नावालाच उभे राहतात. मैदानाच्या एका टोकाला मंडप होता, दुसऱ्या टोकाला तिन्ही दावणी. भोंग्याची वायर आखूड पडल्यामुळं आणि टेपरेकॉर्डर नजरेआड होऊ द्यायचा नाही ही नागनाथची अट असल्यामुळं, भोंगा मंडपाच्या मधल्या खांबाला बांधला होता. त्याच्या खाली टेबलावर यंत्र, यंत्राशेजारी हार, नारळ आणि पेढ्यांचं ताट. खोकी होती जनावरांजवळ, पण आवाज येणार होता मंडपातून. माणसांना यानं काही फरक पडणार नव्हता.

साहेब आले. ते ठेंगणे होते, सोनेरी काड्यांचा चष्मा होता आणि हातात लाल डायरी होती. गाडीतून उतरल्यापासून दावणीपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. फक्त दोनदा थांबून डायरीत काहीतरी लिहिलं. पहिल्यांदा थांबले तेव्हा समोर शाळेची भिंत होती, दुसऱ्यांदा समोर सिताराम होता. भिंतीबद्दल काय लिहिलं असेल आणि आपल्याबद्दल काय, आणि दोन्ही एकच तर नसेल, असं त्याला वाटत राहिलं.

व्यंकटरावांनी पहिल्या खोक्याकडं हात केला. साहेबांनी पाटी वाचली, 'ही विनंती'पर्यंत वाचली, आणि अंगठ्यानं पहिलं बटण दाबलं. सितारामनं डोळे मिटले. क्रम बरोबर होता. रात्र रात्र जागून ज्याची भीती घेतली ते टळलं होतं. मंडपातून व्यंकटरावांचा भारदस्त आवाज आला, "हा लालकंधारी जातीचा वळू. हा काटक असून याची स्मरणशक्ती चांगली असते." साहेबांनी मान डोलावली. इतका आनंद सितारामला लग्नातही झाला नव्हता.

मग भोंग्यातून दत्तरावांची हाक आली.

दत्तराव स्वतः सोन्याजवळ नवा फेटा बांधून उभे होते. पण भोंग्यातले दत्तराव त्यांच्यापेक्षा दसपट मोठ्यानं बोलत होते, आणि ढेपेला बोलावत होते. सोन्यानं एकदा जवळच्या दत्तरावांकडं बघितलं, एकदा लांबच्या. मग मोठ्या दत्तरावांचं ऐकायचं ठरवून तो निघाला. खुंटा ओल्या मातीतून सुरी लोण्यातून निघावी तसा निघाला. दत्तराव दोरीला लोंबकळून "थांब रं, म्या हितं हाय," म्हणत चार पावलं गेले आणि बसले.

सोन्या साहेबांच्या कोपरापासून वीतभर अंतरावरून गेला. साहेबांचा चष्मा एका कानावर आला. त्यांचा चेहरा कोऱ्या कागदासारखा झाला, आणि अंगठा बटणावर होता तो तिथंच रुतला. माणूस फार भ्याला की हातात असेल ते घट्ट धरतो. साहेबांच्या हातात बटण होतं.

टेप चालतच राहिली. व्यंकटरावांच्या आवाजात म्हशीची चार वाक्यं झाली आणि चांगुणाबाई लाडानं काशीला सरकी खायला बोलावू लागली. काशीला घाई कशाचीच नव्हती, पण सरकीला ती कधी नाही म्हणालेली नव्हती. ती खोकं, पाटी आणि विनंती तुडवून मंडपाकडं निघाली. मंडपात एव्हाना सोन्या पोचला होता. तिथं सरपंच, ग्रामसेवक आणि तालुक्याहून आलेली मंडळी होती, आणि आता ती नव्हती. जिवापेक्षा यंत्राला जपणारा नागनाथ सगळ्यात आधी पळाला होता आणि पाण्याच्या टाकीवर उभा राहून, माझ्या मशीनला शिंग लावू नका, असं सोन्याला हात जोडून सांगत होता.

एवढं होईपर्यंत सिताराम काय करत होता? काही नाही. त्याला सगळं कळत होतं. साहेबांनी बटण सोडलं तर आवाज बंद पडेल. साहेब तर बटण सोडत नव्हते. "साहेब, बोट काढा," एवढंच म्हणायचं होतं. पण ही भीती थोड्यातली नव्हती. पाय गारठले होते, आणि आज तोंडही. डोळ्यांसमोर काळी पाटी दिसत होती आणि तिच्यावरून खडूचं नाव पुसलं जात होतं. फाटकाशी सरजाबाई उभी होती, आज ती मुद्दाम आली होती. तिनं पदर तोंडाला लावला होता. व्यंकटराव एव्हाना खोक्यामागं बसून, खोक्याच्या आडून, मास्तर काहीतरी करा, असं खालच्या आवाजात सांगत होते. खोकं दीड वीत उंच होतं आणि व्यंकटराव दीड वीत उंच नव्हते.

तिकडं भोंग्यात लिंबाजीनं जिभेची टकटक केली आणि पाच शेळ्या उड्या मारत मंडपात गेल्या. सोन्यानं हार खाल्ला होता. ढेप मिळाली नाही म्हणून तो भोंग्याखाली उभा राहून वर बघत पुनःपुन्हा हंबरत होता, आणि भोंग्यातल्या सोन्याचा आवाज आठवून की काय, माती उकरत होता. काशीनं पेढे संपवले. शेळ्यांनी आंब्याच्या पानांचं तोरण खाली ओढलं, आणि एक शेळी टेबलावर चढून टेपरेकॉर्डर हुंगू लागली. सोन्याचं शिंग टेबलाच्या पायाला लागून टेबल डुगडुगत होतं. यंत्र पडणार, बॅटरी सांडणार, मंडप खाली येणार, आणि त्याखाली काय काय सापडेल ते सितारामला एकेक करून दिसत होतं.

शेवटची बें झाली. नवी टेप संपली. साहेबांचा अंगठा अजून बटणावरच होता, आणि टेपला थांबायचं कारण नव्हतं. भोंगा क्षणभर खरखरला. मग त्यातून एक थरथरता आवाज आला, "...शेळी ही गरिबाची गाय असून..." तो आपलाच, हे सितारामला कळलं नाही. आणि त्या आवाजाला मधेच तोडत, सगळ्या मैदानावर, दत्तरावांच्या गोठ्यावर, ओढ्यापलीकडं जाईल अशी खणखणीत हाक आली.

"आवो! उठा आता! भाकर निवायलीय, या जेवायाला!"

सितारामचे पाय निघाले.

त्यानं ते काढले नाहीत, ते आपोआप निघाले. पाच वर्षं दर संध्याकाळी त्या हाकेला ते निघत आले होते आणि भीतीला विचारायची त्यांना सवय नव्हती. सिताराम सरळ मंडपाकडं चालत गेला, हाक जिकडून आली तिकडं. वाटेत काशी आली, तिला त्यानं "सरक गं" म्हणून बाजूला केलं. मग सोन्या आला. सोन्याचं वशिंड वाटेत होतं, म्हणून त्याच्या मानेवर हात टेकून सिताराम पलीकडं गेला. टेबलाजवळ पोचल्यावर जेवणाचं ताट दिसेना तेव्हा तो भानावर आला. समोर यंत्र होतं. त्यानं शेळीला खाली उतरवलं आणि वायर उपटली.

मैदान गप्प झालं. सोन्यानं भोंग्याकडं बघितलं, सितारामकडं बघितलं, आणि खरोखरचे दत्तराव लंगडत आले तेव्हा मुकाट्यानं त्यांच्यामागं गेला. आपण मघाशी कशावर हात टेकला होता हे सितारामला तेव्हा उमगलं. त्यानंतर त्याला खुर्ची द्यावी लागली.

पळालेली मंडळी परत यायच्या आधी साहेब त्याच्याजवळ आले. चष्मा नीट झाला होता, पण अंगठा अजून पांढरा होता आणि तो त्यांनी दुसऱ्या मुठीत लपवला होता. आल्यापासून ते पहिल्यांदाच बोलले.

"मास्तर, ते बटण अडकलं होतं का हो?"

बटण अडकलं नव्हतं. त्या बटणाची स्प्रिंग सितारामनं वीस वेळा तपासली होती. अडकलं होतं म्हणावं तर आपलं यंत्र वाईट ठरतं, म्हणजे खडू गेला. नव्हतं म्हणावं तर समोरच्या माणसाचं काय होईल? सितारामनं साहेबांच्या डोळ्यांत बघितलं आणि तिथं त्याला अगदी ओळखीचं काहीतरी दिसलं. रोज दाढी करताना आरशात दिसायचं तेच.

"अडकलं होतं साहेब," तो म्हणाला. "जुन्या बाजारातलं हाय. माझीच चूक."

साहेबांनी मुठीतला अंगठा सोडला. मग ते मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले आणि शेरेबुक मागवून लिहू लागले. सिताराम बाहेर पाटीखाली उभा होता. आत टाक कागदावर करकरत होता, आणि त्या प्रत्येक करकरीला तो खडूनं लिहिलेलं आपलं नाव पुन्हा वाचत होता. गाडी निघून गेल्यावर व्यंकटरावांनी त्याला आत बोलावलं आणि वाचून दाखवलं.

"'बोलक्या खोक्यांचा प्रयोग पाहिला. कमी खर्चातील उत्तम साधन. चारही प्राण्यांनी आपापल्या हाकेस तत्काळ प्रतिसाद दिला. श्री. खंदारे यांना कायम करावे.'" व्यंकटरावांनी चष्मा काढला. "मास्तर, भलं झालं तुमचं. पर हे चारही कसं? वळू, म्हैस अन् शेळ्या. शेळ्या मोजल्या तर सात व्हतात, न्हाई मोजल्या तर तीन. चौथं कोण?"

सितारामच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तो म्हणाला की एखादं कुत्रं आलं असेल मंडपात, गर्दीत दिसलं नसेल आपल्याला. व्यंकटरावांना ते पटलं.

हुकूम एप्रिलात आला. त्याच दिवशी संध्याकाळी रंगारी शाळेत आला. सिताराम आणि सरजाबाई पाटीसमोर उभे राहिले. रंगाऱ्यानं ओल्या फडक्यानं खडू पुसला, तेव्हा सवयीनं सितारामचा हात खडू शोधायला खिशात गेला. मग कुंचला ऑइल पेंटमध्ये बुडाला आणि पहिलं अक्षर उमटलं. सरजाबाईनं त्याच्याजवळ बोट नेलं, पण लावलं नाही.

"पुसत न्हाई ना रं आता?" तिनं विचारलं.

उत्तर द्यायला सितारामनं तोंड उघडलं, एवढ्यात दत्तरावांच्या गोठ्यावरून केशरबाईची हाक आली. रंगाऱ्यानं आडनावाला हात घातला आणि रंग वाळेपर्यंत थांबता का, असं विचारायला मागं वळून बघितलं. मागं म्हातारी एकटीच होती, आणि पदरात तोंड लपवून हसत होती. सिताराम फाटकाबाहेर पडला होता. ओढ्याची वाट धरायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही. तो मधल्या वाटेनं गेला आणि सोन्याच्या गोठ्यावरून पुढं गेल्यावर एकदा थांबून त्यानं मागं बघितलं. सोन्या ढेप खात होता. मग पुन्हा हाक आली आणि सिताराम घाईनं घराकडं चालू लागला.